वाढत्या अंगाचं

आमच्या घरात इंग्रजी फक्त मला वाचता यायचं. पप्पांना सही करता येत होती, ऑफिसातल्या फायलींवरची नावं ओळखता येत होती, बाकी सगळं ते माझ्यापुढे टाकत. लाइट बिल, औषधाच्या बाटलीवरचा कागद, शिलाई मशीनसोबत आलेलं पुस्तक. सातवीत असल्यापासून घरातली साहेबीण मीच. मी वाचून सांगायचे आणि सगळे माना हलवायचे. चुकीचं सांगितलं तरी कुणाला कळणार नव्हतं, त्यामुळे मला चुकण्याची भीती अशी कधी वाटली नाही.

मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यात एका आगरी म्हातारीने आपल्या घराला लागून दोन खोल्या काढल्या होत्या, त्यातली एक आमची. अंगण तिचं, विहीर तिची आणि भांडणाचा पहिला मानही तिचाच. पप्पा मुंबईला सरकारी ऑफिसात शिपाई होते. आई दारात मशीन टाकून शाळेचे युनिफॉर्म शिवायची. पाड्याच्या चारी अंगांनी बिल्डिंगी उठत होत्या, बिल्डिंगींत माणसं येत होती, माणसांना पोरं होती आणि पोरांना शाळा. मे महिन्यात आईला मान वर करायची फुरसत नसे. गुजराती बायका यायच्या, यूपीच्या यायच्या, आमच्या महाडकडच्या यायच्या. भाषा कुठलीही असो, मागणं एकच. "वाढत्या अंगाचं शिवा हां." "थोडा बडा रखना भाभी, बच्ची बढ रही है."

वाढत्या अंगाचं म्हणजे या जूनच्या मापाचं नाही, पुढच्या जूनच्या मापाचं. आई फ्रॉकच्या खालच्या कडेला चार बोटं कापड आत दुमडून टीप मारायची. त्याला ती मुडप म्हणायची. वर्ष सरलं की टीप उसवायची, थोडं कापड खाली सोडायचं, परत टीप. बगलेच्या शिवणीतही माया, म्हणजे जादा कापड, ठेवायची. असा एक युनिफॉर्म तीन वर्षं जायचा. पहिल्या वर्षी पोरं बुजगावणी दिसायची, पण सगळ्यांचीच पोरं तशी असल्यावर हसणार कोण. एखादी बाई फारच ढगळ झालं म्हणून कुरकुरली तर आई म्हणायची, "आधी माप द्यायचं, ताई. अंग मागनं भरतं."

माझ्या पाठीवर नऊ वर्षांनी धाकटी झाली. मला ती नको होती. हे आज लिहिताना मला काही विशेष वाटत नाही, तेव्हाही वाटत नव्हतं. शाळेतून आलं की तिला सांभाळायचं, झोळी हलवायची, दुपटी धुवायची. बाकीच्या मुली विहिरीपाशी खेळत आणि मी एक कंबर मोडून तिला घेऊन उभी. ती रडायची कमी आणि दमायची जास्त. दूध पितानाच कपाळाला घाम फुटायचा आणि अर्ध्यावर झोपून जायची. आई म्हणायची, गुणाची आहे माझी बाय.

ती दीडेक वर्षांची असेल. रविवार होता, समोरच्या नव्या बिल्डिंगीत एका घरी टीव्ही आला होता आणि पिक्चर लागायची वेळ झाली होती. आई म्हणाली, ही उठेपर्यंत थांब. धाकटी दारातच चटईवर आडवी झोपली होती. मला राग आला. मी तिला ओलांडून सरळ बाहेर पडले.

म्हातारी अंगणात सुकट निवडत होती. तिने पाहिलं. "अगो, तशीच उलटी ये परत. पोरीला वलांडलंस. वाढाची न्हाय ती."

निजलेल्या पोराला ओलांडलं की वाढ खुंटते, आणि आलो तसं उलटं ओलांडून गेलं की दोष निघतो, हे मला ठाऊक होतं. पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. परत फिरायला चार पावलं लागली असती. मी म्हणाले, "नाही येत जा," आणि गेले. पिक्चर नुकताच लागला होता.

हे घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. आमच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची फ्रेम होती आणि पप्पा त्या पाळत. नजर, दोष, उतारा असले शब्द घरात काढायचे नाहीत. आईची बांगडी फुटली आणि सवयीने ती "बांगडी वाढली" म्हणाली, तर पप्पा म्हणायचे, "फुटली म्हण. फुटलेल्याला वाढलं कशाला म्हणायचं?" आई हसून "फुटली बाबा, फुटली" म्हणायची. आता असल्या घरात मी जाऊन काय सांगणार, की मी हिला ओलांडलं म्हणून? मी गप्प बसले. धाकटी तीन वर्षांची झाली आणि तिला दोन वर्षांच्या पोरीचे कपडे सैल व्हायला लागले, तेव्हाही गप्प होते.

आईच्या नजरेतून कपड्यातली गोष्ट सुटत नसे. धाकटीच्या पहिल्या झबल्याला तिने मुडप ठेवली होती. ती उसवायची वेळच आली नाही. झबलं विटलं, फाटलं, त्याचं पायपुसणं झालं, मुडप तशीच. आई ते कुणाकडे बोलली नाही. फक्त धाकटीला पुढ्यात घेऊन नाचणीचं सत्त्व भरवायची, अंडं भरवायची, आणि भरवताना तिचं मनगट दोन बोटांत धरून बघायची.

खोकला हटेना तेव्हा स्टेशनजवळच्या डॉक्टरने छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. पप्पांची रजा आधीच संपलेली, त्यामुळे आई आणि मी गेलो. मी तेव्हा आठवीत. फाइल धरायला आणि वाचायला मी. दोन खेपा झाल्या, मशीनवर तपासलं आणि तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. हृदयाच्या मधल्या पडद्याला भोक आहे. मूल वाढतं तसं असं भोक कधी कधी आपोआप बुजतं. औषध देतोय, दर सहा महिन्यांनी आणा. वजन वाढत राहिलं तर आपण थांबू. नाही वाढलं तर ऑपरेशन करायचं, आणि मग ते वेळेत करायचं, उशीर करून चालत नाही.

हे ते माझ्याकडे बघून बोलले, कारण फाइल माझ्या हातात होती. मला सगळं समजलं. इथे इंग्रजी वाचायचीही गरज नव्हती.

आईने त्यातलं एकच ऐकलं होतं. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "ऑपरेशन म्हणजे छाती फाडतात ना गं?" मी हो म्हणाले. मला खोटं बोलायचं सुचलं नाही.

त्याच दिवशी वजन करताना नर्स आईला बोलली होती. लाइन मोठी होती, बाई वैतागलेली होती. तिने काटा बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "चार वर्षांची आहे ना ही? खायला घालता की नाही? का पोरगी आहे म्हणून तिच्या वाटणीचं दुसऱ्याला?" आईने धाकटीला टॉवेलात गुंडाळलं, टॉवेलाची चारी टोकं नीट खोचली. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला तेव्हा आईचा राग आला. दुसऱ्यांच्या पोरांचा युनिफॉर्म बोटभर आखूड झाला तर भांडणारी बाई इथे का गप्प बसली, असं वाटलं.

सहा महिन्यांनी जायचं तेव्हा थंडीचे दिवस होते. धाकटी नुकतीच बालवाडीत जायला लागली होती, तिच्यासाठी नवा कोरा युनिफॉर्म होता. एका मोठ्या शाळेच्या ऑर्डरीतलं उरलेलं जाड निळं कापड, वाढत्या अंगाचा, पाच बोटं मुडप. तोच तिचा चांगला कपडा, म्हणून तोच घातला. वर स्वेटर. सकाळी लवकर निघायचं म्हणून दोन केळी आणि पोटभर पाणी. नर्स म्हणाली, "राहू दे कपडे, लाइन बघा केवढी." धाकटी काट्यावर उभी राहिली. नर्सने आकडा लिहिला आणि मागचा बघून म्हणाली, "बघा. लक्ष दिलं की वाढतं की नाही?"

आईचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. डॉक्टरांनी फाइलवर दोन ओळी खरडल्या. घरी पप्पा वाट बघत होते. "वाच," ते म्हणाले. मी वाचलं, ग्रोथ सॅटिसफॅक्टरी. "म्हणजे?" "वाढ समाधानकारक आहे." पप्पांनी ते दोन शब्द स्वतःशी म्हणून बघितले. मग चपला घालून बाहेर गेले आणि जिलेबी घेऊन आले. म्हातारीलाही दिली.

मलाही आनंद झाला, खरं सांगते. धाकटीसाठी झाला असं म्हणायला हवं, पण मला तो माझ्यासाठी झाला. ती वाढत होती, म्हणजे माझ्या ओलांडण्याने काही झालं नव्हतं.

मी नववीत गेले त्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी एक गृहपाठ दिला. शाळेच्या लायब्ररीत जाड डिक्शनरी होती, त्यातून प्रत्येकीने एक शब्द घ्यायचा आणि त्याचे जितके अर्थ असतील तितके मराठीत लिहून आणायचे. मुलींनी लव्ह घेतला, लाइट घेतला. मी ग्रोथ घेतला. मला वाटलं, हा मला येतो, दोन मिनिटांत होईल.

झाला नाही. अंगाने वाढणं हा पहिला. मग संख्येने वाढणं, धंद्याची भरभराट. मग एखाद्या जागेवर उगवलेलं गवत-झुडूप, म्हणजे आपण ज्याला रान माजलं म्हणतो ते. मग पुरुषाने तीन-चार दिवस दाढी केली नाही की गालावर येतात ते खुंट. आणि शेवटी शरीरात नको तिथे आलेली गाठ. मी वहीत एकाखाली एक लिहीत गेले आणि मला त्या इंग्रजी माणसांचं नवल वाटलं. पोर वाढलं तरी तोच शब्द, पोटात गाठ आली तरी तोच. आमच्याकडे असं चाललं नसतं. आमच्याकडे गाठीला गाठ म्हणतात आणि रानाला रान. बाईंनी वहीवर लाल शाईत छान लिहिलं आणि वर्गात वाचून दाखवलं. पप्पांनी वही शेजाऱ्यांना दाखवली. माझ्या इंग्रजीवरचा घरचा विश्वास त्या दिवसापासून पक्का झाला.

पुढच्या खेपेची तारीख जुलैतली होती. आदल्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर आई मशीनवर धाकटीचा फ्रॉक शिवत होती. मला वाटलं, नवा युनिफॉर्म. मग बघितलं की कापड खाकी ड्रिलचं होतं, मोठ्या पोरांच्या हाफ पँटींसाठी वापरतात ते, फळीसारखं जाड. त्यावर बाहेरून निळं कापड. खालची मुडप एक नव्हती, तीन होत्या, एकीत एक. कमरेला आतून पट्टा, त्यातही ड्रिलच्या घड्या. आई सुई बदलत होती, कारण मशीनची सुई त्या जाडीत मोडली होती.

मी दारात उभी राहिले. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"जड नाही होणार तिला?" मी विचारलं.

"तेवढ्यापुरतंच घालायचं." तिने सुई बसवली, स्क्रू आवळला. "आता औषध चालू आहे, खातेय पण बरी. भरेल अंग. आधी माप दिलंय, अंग मागनं भरतं."

मी नववीतली मुलगी होते. वजन करतात ते कशासाठी, हे मला माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले होते, ते शब्दन् शब्द पाठ होतं. आदल्या खेपेचं वजनही धाकटीचं नव्हतं, युनिफॉर्मचं, स्वेटरचं, केळ्यांचं आणि पाण्याचं होतं, हे मला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि त्याबरोबर हेही कळलं, की मी बोलले तर फाइलवर लिहिलेलं खोटं ठरणार. मग धाकटी वाढत नाहीये हे खरं ठरणार, आणि ती का वाढत नाहीये याचं माझ्याकडे एकच उत्तर होतं. हा वेडगळपणा आहे असं पप्पा म्हणाले असते. भोक जन्मापासूनच होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच ते घरी सांगितलं होतं. तरीही. माणसाला दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटू शकतात. मी दप्तर ठेवलं आणि चहाचं आधण चढवलं.

लाइन तशीच मोठी होती, कपडे काढा असं कुणी म्हणालं नाही. त्या खेपेला डॉक्टरांनी लिहिलं, ग्रोथ सॅटिसफॅक्टरी. त्यापुढच्या तीन खेपांनाही तेच. तोवर आईने मुडपीत आणखी एक पट्टी घातली होती. घरी आल्यावर मी पप्पांना वाचून दाखवत होते. माझा आवाज अडखळत नव्हता. पप्पा दर वेळी तारीख आणि आकडा एका डायरीत उतरवून घेत. त्यांचा विज्ञानावर विश्वास होता आणि आकडा हा विज्ञानाचा होता. समोर खेळणारी पोर त्यांना रोज दिसत होती, पण ती बारीक आहे ती आईच्या वळणावर गेली, असं ते म्हणत. आई हसायची. मी हसायचे.

धाकटीला तो फ्रॉक आवडत नसे. "टोचतोय," म्हणायची. घरी पाय ठेवल्या ठेवल्या काढून टाकायची आणि चड्डीवर अंगणात पळायची, म्हणजे चार पावलं पळायची आणि उकिडवी बसायची. बसून श्वास घ्यायची, मग उठायची. तिला ते खेळाचाच भाग वाटायचं. आम्हालाही ते बघायची सवय झाली होती.

मी अकरावीत होते. त्या खेपेला जुन्या डॉक्टरांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण होती. तिने धाकटीचं नख बघितलं, ओठ बघितले, फाइल चाळली, परत ओठ बघितले. मग म्हणाली, "फ्रॉक काढा हिचा, मला नीट ऐकायचंय."

आई म्हणाली, "बाई, थंडी वाजते तिला."

धाकटी तेव्हा सात वर्षांची. ती आपणहून हात वर करून म्हणाली, "काढा ना. हा मी घरी घालतच नाही. हा वजनाचा फ्रॉक आहे."

डॉक्टरणीने फ्रॉक काढला आणि तो हातावर तोलून बघितला. तिने कड उलटून बघितली. मग धाकटीला चड्डीवर काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला. तिला उतरवलं आणि काट्यावर नुसता फ्रॉक ठेवला. तोही आकडा लिहिला. आम्हाला ओरडेल असं मला वाटत होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "किती वेळा?" आई खाली बघत होती. मी म्हणाले, "चार. आजची पाचवी."

धाकटीला दाखल करून घेतलं. मांडीच्या शिरेतून नळी घालून तपासलं. आठवड्याने त्याच डॉक्टरणीने मला व्हरांड्यात बोलावलं, कारण तिच्या लेखी आमच्यात बोलण्यासारखी मीच होते. भोकातून इतकी वर्षं रक्त जोराने फुप्फुसात जात राहिलं, तिथला दाब आता इतका वाढलाय की भोक शिवून काही उपयोग नाही, उलट शिवलं तर मूल टेबलावरच जाईल. दोन वर्षांपूर्वी केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. हे तिने शांतपणे सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात जड वाटला, एवढंच आठवतं. रडू आलं नाही. समोर एक बाई डब्यातून पोळी खात होती, मी तिची पोळी संपेपर्यंत बघत राहिले.

घरी पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"ऑपरेशन करणार नाहीत."

"म्हणजे गरज नाही?"

"करता येणार नाही. उशीर झालाय."

पप्पांनी डायरी काढली. पानं उलटली. "उशीर कसा होईल? वाढ तर चांगली होती. हे बघ, तूच वाचून दाखवलंयस."

आई चुलीपाशी पाठ करून बसली होती, ती वळली नाही. पप्पा बराच वेळ डायरीतले आकडे बघत होते. मग त्यांनी ती मिटली आणि परत कधी उघडली नाही. त्यांना काय कळलं, किती कळलं, मला आजही माहीत नाही. त्या दिवसानंतर त्यांनी मला काहीही वाचायला दिलं नाही. लाइट बिल ते शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यायला लागले.

त्यानंतर धाकटी पाच वर्षं होती. त्या पाच वर्षांबद्दल मला फार लिहिता येत नाही, कारण त्यात फारसं काही घडलं नाही. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. ती आईशेजारी बसून बटणं लावायची, हुक लावायची, आणि फार सफाईने लावायची. जीभ तिची तिखट झाली होती. गिऱ्हाईक बाई आपल्या पोराकडे बघून "केवढा वाढलाय बघा, आवरत नाही" म्हणाली की धाकटी म्हणायची, "मावशी, मला द्या थोडा त्यातला." बाई कावरीबावरी व्हायची आणि धाकटी मान खाली घालून हसायची. समोर एक बिल्डिंग चढत होती, तिचे स्लॅब ती मोजायची. मी कॉलेजातून आले की आज कितवा पडला ते सांगायची. सात झाल्यावर बिल्डर थांबला आणि तिला त्याचा राग आला.

मी तेव्हा कॉलेज करून एका इस्टेट एजंटकडे बसत होते. फ्लॅटच्या इंग्रजी जाहिराती मराठीत करायचं काम होतं. जवळजवळ प्रत्येक कागदावर तो शब्द असायचा. मीरा रोडची ग्रोथ, ग्रोथची संधी, गुंतवणुकीची ग्रोथ. मी पहिल्यांदा वाढ लिहिलं. मालक म्हणाला, "वाढ नको यार, विकास लिख. वाढ सुनके लगता है खाना परोस रहे हैं." मी विकास लिहिलं. मला कसलाच फरक पडला नाही. पगार वेळेवर मिळायचा.

धाकटी गेली ती दुपारची. बटणाला दोरा भरत होती, आईला म्हणाली, मला दिसेना झालंय, आणि आईच्या मांडीवर आडवी झाली. वय बारा, अंग सात-आठ वर्षांच्या पोरीचं. पप्पा ऑफिसातून यायला संध्याकाळ झाली. विहारातून माणसं आली, वंदना झाली, सगळं रीतीप्रमाणे झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गिऱ्हाईक बायकाही आल्या. आपापल्या पोरांना घरी ठेवून आल्या, एवढं मी पाहिलं. मी सगळ्यांना चहा दिला. कुणीतरी म्हणालं, मोठी फार खंबीर आहे. मी खंबीर नव्हते. मला काही होत नव्हतं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, तसं कुणीतरी सगळ्या अंगाला दिलं असावं असं वाटायचं, आणि उतरायची वाट बघत मी कामं करत होते.

महिना-दीड महिना गेला. आई परत मशीनवर बसली. एक रविवार होता, पप्पा बाहेर गेले होते. आईने मला ताट केलं आणि समोर बसली. भात, डाळ, तळलेला बांगडा. माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. घास हातात होता आणि मी बोलून गेले.

"आई, मला तेव्हाच कळलं होतं. त्या फ्रॉकचं. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही."

मला वाटलं, आता ती रडेल, किंवा मला मारेल. दोन्हीला मी तयार होते. दोन्ही मला हवं होतं.

आई बांगड्याचे काटे काढत होती. तिने ते ताटाच्या कडेला नीट ओळीत लावले.

"मला ठाऊक होतं ना तुला कळलंय ते," ती म्हणाली. "तू दारात उभी राहून बघत होतीस. तुला इंग्लिश येतं, डॉक्टर बोलतात ते सगळं समजतं. मला काय कळायचं त्यातलं? मी रोज तुझ्या तोंडाकडे बघायची. म्हटलं, ह्यात काही वाईट असतं तर ही बोलली असती."

तिचा आवाज भांडणाचा नव्हता. गिऱ्हाइकाला कापड किती लागेल ते सांगावं तसा होता.

"तू काहीच बोलली नाहीस. मग मी शिवत राहिले."

तिने काटे काढलेला मासा माझ्या भातावर ठेवला आणि निवतोय, जेव म्हणाली. मी जेवले.